पॉलिसीबाईंच्या खोबऱ्याच्या वड्या

पॉलिसी हा शब्द ऐकून जिचा चेहरा उजळतो अशी बाई अख्ख्या उपनगरांत एकच असेल, आणि ती मालाडच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी बसायची. आमची कंपनी लोकांची पार्सलं पोचवते. बाईंचं काम कंपनीचे नियम, म्हणजेच पॉलिसी, लिहून कम्प्लायन्सच्या, म्हणजे नियमपालनाच्या, सॉफ्टवेअरात चढवायचं. आम्ही त्यांना पाठीमागे पॉलिसीबाई म्हणायचो आणि तोंडावर मॅडम. त्यांना दोन्ही ठाऊक होतं.

खरं तर ते काम चहा निवायच्या आत उरकण्यासारखं. सॉफ्टवेअरात तयार साचा असतो. त्यात कंपनीचं नाव टाका, साहेबांची मान्यता घ्या आणि 'पब्लिश' दाबा. मग ती पॉलिसी प्रत्येकाच्या स्क्रीनवर येते आणि तिच्याखाली 'वाचले, समजले' असं बटण असतं. पण तयार साचा म्हणजे बाईंना दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज वाटे, कुठेतरी काचणारच. म्हणून प्रत्येक मसुदा ज्याच्यासाठी असेल त्यालाच त्या मोठ्याने वाचून दाखवत. ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली की त्या वाक्यावर काट. एकदा गोदामाच्या दारात उभं राहून त्यांनी ड्रायव्हरांना पानभर मजकूर ऐकवला. एक ड्रायव्हर शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, हे दंडाचं आहे की बक्षिसाचं, तेवढं सांगा ना." बाई परत आल्या आणि पानाच्या दोन ओळी केल्या.

पब्लिशच्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसून येत आणि डबाभर खोबऱ्याच्या वड्या आणत. पण वडी फुकट नाही. त्या पॉलिसीतला एक प्रश्न विचारत, उत्तर आलं तरच वडी. आमचे साहेबसुद्धा कितीदा तरी रिकाम्या हातांनी केबिनमध्ये गेलेले मी पाहिलेत.

एकदा तर बाईंनी कमालच केली. कुठल्या तरी थंड देशातल्या साच्यात एक कलम होतं, 'बर्फवृष्टी झाल्यास कर्मचाऱ्यांनी घरीच थांबावे.' ते त्यांनी मुद्दाम तसंच राहू दिलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या मजल्याने 'वाचले, समजले' दाबून टाकलं. बाई उठल्या. चिडल्या की त्या मालवणीवर येत. "मेल्यांनो, मालाडात बर्फ खंय पडता? लस्सीवाल्याकडे?" त्या दिवशी वड्यांचा डबा भरलेला तसाच कांजूरमार्गला बाईंच्या घरी परत गेला. तेव्हापासून आमच्या मजल्यावर लोक पॉलिसी वाचू लागले. निदान बर्फ शोधण्यापुरती तरी.

मला बाई खऱ्या कळल्या त्या काकूच्या आजारपणात. आई गेल्यावर मला शेजारच्या काकूने वाढवलं. रक्ताचं नातं काही नाही, पण शाळेच्या डब्यापासून नोकरीच्या पेढ्यांपर्यंत सगळं तिच्याच हातचं. तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि तिच्याजवळ राहायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. माझी रजा संपलेली. घरच्या आजारपणासाठी वेगळी रजा होती, पण ती आईवडील, नवराबायको आणि मुलं यांच्यापुरतीच.

मी बाईंना हळूच म्हटलं, "मॅडम, आई लिहून टाकू का? कोण बघतंय?"

"मी बघतेय. आणि खोटं तू का लिहायचं? चुकलंय ते पॉलिसीचं."

"पण ऑपरेशन सोमवारी आहे!"

"तुझ्यासाठी नियम वाकवला तर तू जन्मभर साहेबांच्या उपकाराखाली राहशील. बदलला तर तो सगळ्यांचा हक्क होईल. थांब जरा."

आणि बाई मसुदा घेऊन मजल्यामजल्यावर फिरल्या. दिसेल त्याला एकच प्रश्न, "आजारी पडलास तर तुझ्याजवळ कोण येईल रे?" वॉचमन म्हणाला, मानखुर्दची घरमालकीण. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मैत्रिणीची आई. साच्यातल्या नात्यांत यातलं कुणीच बसेना. तेव्हा बाईंनी लिहिलं, 'कर्मचारी ज्याला आपलं माणूस म्हणेल, त्याच्या आजारपणासाठी.'

साहेब उखडले. "उद्या कुणीही कुणालाही आपलं म्हणेल!"

"म्हणू दे ना, साहेब. हॉस्पिटलच्या बाकावर हौसेने कोण बसतो?"

तरी मान्यता द्यायला साहेबांनी शनिवार उजाडवला. संध्याकाळी बाईंचा फोन आला, "पब्लिश केलंय. आधी वाच, मग बटण दाब." ठेवणीतली साडी नाही, वड्या नाहीत. मी ते कलम वाचलं आणि पुन्हा वाचलं. सोमवारी काकूला आत नेलं तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता, आणि ती शुद्धीवर आली तेव्हाही मी तिथेच होतो. हे ऋण मी बाईंना कधी नीट सांगू शकलो नाही. सांगायला गेलो की त्या विचारायच्या, "बाकीची कलमं वाचलीस का?"

बाई निवृत्त होऊन आता वर्ष होत आलं. सॉफ्टवेअरात त्या रजेच्या पॉलिसीपुढे अजून त्यांचंच नाव आहे; ते काढायला कुणाचं बोट धजत नाही. गेल्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बाई एकट्या राहतात, भाऊ कोकणात. मी रजा टाकली, वाटेत खोबऱ्याच्या वड्या घेतल्या आणि हॉस्पिटलात जाऊन त्यांच्या खाटेशी बसलो.

"ऑफिस सोडून इथे कसा रे?"

"रजा घेतलीय."

"कुठच्या कलमाखाली?"

मी डबा पाठीमागे धरला. "तुम्हीच सांगा. उत्तर आलं तरच वडी."

सगळ्या पॉलिसी तोंडपाठ असलेल्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "कर्मचारी ज्याला..." एवढ्यावरच त्या थांबल्या. "मेल्या," त्या अखेर म्हणाल्या, "त्या कलमाच्या फेरतपासणीची तारीख उलटान गेली असतली," आणि चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. मी डबा उघडला आणि त्यांच्या हातावर वडी ठेवली. उत्तर न देता मिळालेली ती पहिलीच वडी.