जप्तीची म्हैस

माझ्या कडब्याची गंज पार शेजारच्या बेंबळी गावाच्या वेशीतून दिसायची, असं मी कोर्टात शपथेवर सांगितलं. खरं तर ती माझ्याच कुडावरून जेमतेम डोकं काढायची. पण दुष्काळाचं साल, आणि शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून गंजीचा एक कोपरा फस्त करून गेली. पाऊस पडू द्या, पेंढ्या भरून देतो, असं तो म्हणत होता. मला कुठला धीर? ठोकला दावा.

एवढी थोरली गंज सिद्ध करायची, तर साक्षीदारही तेवढेच हवेत. दर तारखेला त्यांना एसटीनं न्यायचं, भजी चारायची. परत येईस्तोवर गंज आणखी वीतभर वाढायची. दुष्काळ सरला, गावात दूधसंस्था निघाली, तेव्हा कुठं निकाल लागला. कोर्टानं गंज पुन्हा कुडाएवढी केली आणि किरकोळ भरपाई दिली. पण दावा खर्चासह मंजूर, म्हणजे माझा खर्चही शेजाऱ्याच्याच माथी. वकील, तिकिटं, साक्षीदारांचा भत्ता मिळून खर्च भरपाईच्या कितीतरी पट झाला. भजी त्यात धरली नाहीत, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं.

शेजाऱ्यानं भरपाई आणून दिली. खर्च त्याला झेपेना. वकिलांनी जप्ती काढली, बेलीफ आला, मी बोट दाखवलं आणि तीच म्हैस जप्त झाली. तिच्या दुधावर त्यांची चूल पेटायची. लिलाव होईपर्यंत जनावर माझ्या गोठ्यात ठेवायचं, आणि वैरणही मीच घालायची. ज्या कडब्यासाठी भांडलो, तोच आता हातानं तिच्यापुढं टाकत होतो.

म्हैस मला पान्हा सोडेना. धार काढायला बसलो की लाथ खाऊन तेरखेड्याच्या फटाक्यांतल्या बाणासारखा उडायचो. शेवटी शेजारीण न बोलावता आली, कासेला हात लावला, तशी म्हैस शांत झाली. भरलेली चरवी तिनं माझ्याच उंबऱ्यावर ठेवली. दूध तुमच्याच नावानं संस्थेत घाला, असं मी म्हणून पाहिलं.

"कोर्टाचं जनावर हाय, भाऊजी. दूध तुमचंच," ती म्हणाली. "तिला खायला शिळं आंबोण चालत न्हाय, तेवढं बघा."

मी कोर्टात जाऊन लिहून दिलं, सगळा खर्च पोचला. आयुष्यातली ही एकच थाप साक्षीदाराविना मान्य झाली. म्हैस घेऊन त्यांच्या दारात गेलो, खर्च फिटला म्हणालो. शेजाऱ्यानं दावं हातात घेतलं.

"खर्च कुणी भरला?"

मी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि घराकडं वळलो.

दुसऱ्या दिवसापासून शेजारीण रोज तांब्याभर दूध ओट्यावर ठेवून जाऊ लागली. नको म्हटलं तरी ऐकायची नाही. म्हैस आटेपर्यंत ते येत राहिलं. त्या दुधाचा चहा लई दाट व्हायचा. मी मात्र माझा कोराच ठेवायचो.