छज्ज्यातली सळई

माझ्या वडिलांना, आबांना जाऊन आठ महिने झाले. पहिल्या दहा दिवसांत भेटायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस घरांविषयी बोलला. आमचं घर त्यांनीच बांधलं, मुलीच्या सासरचंही त्यांनीच, अजून भिंतीला चीर नाही. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. मला सारखं एकच काम आठवत होतं, आणि ते कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

अकरावी-बारावीला मी बांधकामाचा व्यवसाय अभ्यासक्रम घेतला होता. वर्गात सोळा मुलं आणि आम्ही दोघी मुली. आबा माझ्या जन्माच्या आधीपासून गवंडीकाम करत होते. कुंभार पिंपळगावात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांना सगळे मिस्त्री म्हणूनच ओळखत. मी कागदावर पायाचा नकाशा काढत बसले की ते वाकून बघायचे आणि घर आता वहीत बांधून राह्यलीस का, म्हणून विचारायचे. चिडवणं होतं, पण शेजारी कुणी आलं की तोच नकाशा ते दाखवायला मागायचे.

शाळेच्या वर्कशॉपमध्ये सरांनी एकदा दोन छोटे छज्जे ओतून घेतले होते. एकात सळई वरच्या अंगाला, दुसऱ्यात खालच्या. पंधरा दिवसांनी दोन्हींच्या टोकाला वाळूची बादली टांगली. पहिला तसाच राहिला. दुसरा आवाज न करता मुळातून तुटला आणि आमच्या पायाशी पडला. मग सरांनी आम्हाला हात समोर धरून बादली उचलायला लावली आणि ताण कुठे बसतो ते विचारलं. खांद्यावर, वरच्या बाजूनं. छज्जा भिंतीतून तसाच बाहेर आलेला असतो, त्याला खालून आधार नाही, म्हणून त्याची सळई वर. एवढंच ते शिकवणं होतं आणि ते मी कधी विसरले नाही.

अकरावीच्या परीक्षेनंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाला खऱ्या कामावर जावं लागे. रोज डायरी लिहायची आणि खाली मिस्त्रीची सही घ्यायची. मी आबांच्याच कामावर गेले. गावाच्या कडेला एका टेलरचं दोन खोल्यांचं घर चाललं होतं. त्यांना सगळे मास्टर म्हणत. मागची जुनी खोली तशीच ठेवून पुढे नवं बांधकाम होतं. दरवाजा आणि खिडकी मिळून वर एक लांब छज्जा, तीन फूट बाहेर आलेला. मास्टरांनीच तो मोठा मागितला होता, सावलीसाठी.

छज्ज्याची सळई मी आणि आबांनी मिळून बांधली. ती वर राहावी म्हणून खाली ठेवायला मी वर्कशॉपमधून सिमेंटचे छोटे ठोकळे आणले होते. आबांनी ते हातात घेऊन पाहिले आणि ठेवू दिले.

काँक्रीट ओतायच्या दिवशी आबांनी नेहमीसारख्या चपला काढल्या आणि वर चढले. ही त्यांची पद्धत होती. माल टाकला की ते अनवाणी तुडवत जायचे. कुठे पोकळी राहिली ते पायाला कळतं, असं ते म्हणत, आणि त्यांच्या कामात पोकळी सापडली असं मी कधी ऐकलं नव्हतं. मी शिडीवर उभी राहून घमेली वर देत होते. माझे डोळे त्यांच्या पायांच्या उंचीला होते. टाच पडली की एक ठोकळा कलंडायचा. सळई खाली जायची, आणि पाय उचलल्यावर वर यायची नाही.

मी हळूच म्हणाले, "आबा, सळई."

"हां, माल येऊ दे."

खालून एक मजूर म्हणाला, आज इंजिनेरबाईचा हुकूम चालंल, आणि बाकीचे हसले. मी पुढचं घमेलं दिलं. त्यानंतर काही बोलले नाही. दुपारपर्यंत छज्जा गुळगुळीत होऊन बसला होता, सुंदर दिसत होता. डायरीत त्या दिवशी मी सगळं लिहिलं, फक्त सळईच्या जागेची ओळ कोरी सोडली. आबांनी सही केली.

मी रोज सकाळ-संध्याकाळ छज्ज्यावर पाणी मारायला जायचे. पाचव्या दिवशी गेले तर मास्टरांनी शिलाई मशीन छज्ज्याखाली आणून मांडली होती. मागच्या खोलीत उकाडा होता, इथे सावली आणि उजेड दोन्ही. शाळा उघडायला थोडे दिवस राहिले होते, गणवेशाची गर्दी होती. छज्ज्याला टेकू म्हणून लावलेल्या सेंटरिंगच्या बल्ल्यांमध्ये मुलं रांगेनं उभी राहायची, हात वर करून, आणि मास्टर मापं घ्यायचे. तोवर छज्जा बल्ल्यांवर टेकलेला होता. मी पाणी मारताना त्या बल्ल्या मोजायचे. चार.

आठव्या दिवशी आबांनी जेवताना सांगितलं की सेंटरिंगवाल्याला छज्ज्याखालच्या त्याच्या लोखंडी प्लेटा आणि बल्ल्या शहागडच्या कामावर हव्यात. परवा सकाळी काढून देऊ, छज्ज्याला दहा दिवस पुष्कळ झाले. मी भाकरी तशीच ठेवून उठले. आईनं बरं नाही का म्हणून विचारलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी आबा हौदाजवळ थापी धूत होते. मी वाक्य मनात कितीतरी वेळा जुळवलं होतं, ते सगळं विसरून गेलं.

"आबा, छज्ज्यातली सळई खाली गेलीय. तुम्ही तुडवत होते तव्हा मी पाह्यली."

ते थापी धूतच राहिले. नंतर मान वर न करता म्हणाले, "अन् आज सांगून राह्यलीस?"

मी हौदातलं पाणी त्यांच्या थापीवर ओतलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा प्लेटा न्यायला टेम्पो येऊन उभा होता. छज्ज्याखाली एक लहान मुलगी माप देत होती. आबांनी मास्टरांना मशीन उचलायला सांगितलं.

"का हो मिस्त्री, उद्घाटनाला कोन्ही येऊन राह्यलं का?" मास्टरांनी हसत विचारलं, पण आबांचा चेहरा बघून त्यांनी मुलीला बाजूला केलं.

आबा छिन्नी-हातोडा घेऊन वर चढले आणि भिंतीलगत खोदू लागले. छज्जा चार इंचांचा. सळई वरून एक इंचावर लागायला हवी होती. मी शिडीवर, पुन्हा त्याच उंचीला. एक इंच गेला. दुसरा गेला. छिन्नीचा आवाज तसाच मऊ येत होता. मला वाटत होतं, आत्ता खण्णकन वाजेल आणि आबा माझ्याकडे बघून रागावतील. मी त्या रागाची वाट पाहत होते. शेवटी लोखंड वाजलं तेव्हा आबांनी मला टेप लावायला सांगितला. तीन इंच.

ते खाली उतरले आणि मास्टरांसमोर उभे राहिले.

"छज्जा फोडावा लागंल. माझ्याच पायानं सळई दबली. पोरीनं पाह्यलं म्हणून कळलं."

मास्टरांनी मान वर करून छज्ज्याकडे पाहिलं. "पोरं उभी राह्यची इथं, मिस्त्री," ते म्हणाले.

सेंटरिंगवाला कुरकुरत रिकामा टेम्पो घेऊन गेला. आबांनी मजुरांना हात लावू दिला नाही. उन्हात बसून सगळा छज्जा त्यांनी एकट्यानं फोडला, सळया मोकळ्या केल्या, एकेक ओढून वर आणली. येणारे-जाणारे थांबून विचारत होते, आणि ते प्रत्येकाला तेच उत्तर देत होते. त्या गावात, ज्या माणसांची घरं बांधली त्यांच्यासमोर. मी मलबा उचलत होते.

प्लेटा शेवटपर्यंत खाली होत्या, त्यामुळे तो छज्जा पडला असता की नाही ते कुणालाच कळलं नाही. सरांना विचारलं तर तेही म्हणाले, सांगता येत नाही, काही वर्षं राहिलाही असता.

दोन दिवसांनी पुन्हा ओतला तेव्हा आबा वर चढले नाहीत. भिंतीवर आडवी फळी टाकून त्यांनी मला बसवलं आणि मालात खुपसून तो नीट बसवायला हातात एक सळईचा तुकडा दिला. घमेली खालून ते स्वतः देत होते.

"दिसती का?" ते दर घमेल्याला विचारायचे.

"दिसती."

शेवटी माल वरपर्यंत आला. "आता?"

"आता झाकली. पन जाग्यावर हाय."

त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर त्यांनी कोणताच छज्जा पायानं तुडवला नाही. मी गप्प राहिलेल्या त्या नऊ दिवसांविषयी मात्र ते कधी बोलले नाहीत, शेवटच्या आजारात मी रोज उशाशी बसायचे तेव्हाही नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुमच्या मजुरांसमोर तुम्हाला चूक म्हणायची मला लाज वाटली, असं ते उत्तर होतं, आणि त्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांपुढे ते पुरत नाही हेही मला माहीत होतं.