लेस्टरच्या सहीचे प्रोब

लेस्टर क्रूगरचा हात कापायला लागलाय हे लॅबमध्ये सगळ्यात आधी मला कळलं. तो चहा अर्धाच कप घ्यायला लागला होता.

पोर्ट ॲडलेडला आमची मोजमापाची उपकरणं तपासून देणारी छोटी लॅब. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी. ऑसिलोस्कोपचे, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचे, प्रोब त्याच्याकडे. प्रोब म्हणजे सर्किटला टेकवायचं पेनासारखं टोक. ते नीट जुळवलेलं नसेल तर पडदा खोटं दाखवतो. पडद्यावर चौकोनी लाट आणायची आणि प्रोबवरचा बारीक स्क्रू प्लास्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचा. कोपरा गोल दिसला तर कमी पडलं, टोक वर उसळलं तर जास्त झालं. कोपरा काटकोनात आला की लेस्टर म्हणायचा, "बसली बया एकदाची!" मग स्टिकरवर सही. ती सही दिसली की गिऱ्हाईक पुन्हा तपासायचं नाही.

आता लाट बसायची, पण पेचकस काढताना हात हलायचा आणि स्क्रू सरकायचा. तोवर त्याची नजर स्टिकरवर गेलेली असायची.

त्याच्या निवृत्तीला दोनच वर्षं होती. तो साडेतीनला घरी गेला की मी मागे थांबून त्याचे प्रोब पुन्हा जुळवायची. चौदा महिने. कुणाला बोलले नाही.

मग माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. दोन आठवड्यांनी परतले तर एका गिऱ्हाइकाने पडदा खोटं दाखवतोय म्हणून सहा प्रोब परत पाठवले होते. लेस्टर ते समोर मांडून बसला होता.

"या बाईसाहेब. पोट कसंय?"

"बरंय."

"वर्षभरात एक प्रोब परत आला नाही. तू रजेवर गेलीस आणि सहा आले. किती दिवस चाललंय हे, नोलीन?"

"काय रे?"

"हात कापतोय माझा, डोकं नाही."

"चौदा महिने," मी म्हणाले. "अरे, काम तुझंच होतं. मी फक्त जरासं..."

"मला सांगितलं असतंस तर त्याच दिवशी पेचकस ठेवला असता खाली." त्याचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्याच्या कामावर मी आयुष्यात सही केली नव्हती. तू चौदा महिने करून घेतलीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"बरं केलंस. आता छान वाटतंय."

दुपारी त्याने टेबल आवरलं आणि तो गेला. पुन्हा आला नाही.

मी फ्रूटकेक घेऊन त्याच्या घरी गेले. त्याची बायको वेरोना फाटकापाशीच थांबली. "आत नाही बोलवत गं. तुझी चूक नाही म्हणतो. पण तुझ्यासमोर हात खिशातून काढायची लाज वाटते त्याला." केक तिने घेतला. मी आणखी दोनदा गेले. मग गेले नाही.

तीन वर्षांनी लेस्टर वारला. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले. नंतर हॉलमध्ये वेरोना सँडविचचं ताट घेऊन माझ्यापाशी आली.

"तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलला नाही तो," ती म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही. "तुझं नावच काढलं नाही गं पुन्हा."

मी एक सँडविच उचललं. ती पुढच्या माणसांकडे गेली.