शामकला पुढे चालली

आमगावात शामकलाबाईचे नाव निघाले की लोक एवढेच सांगत, की ही बाई नवऱ्याच्या पुढे चालत असे. सांगताना ओठ मुरडत. तिला पुढे का चालावे लागले, हे विचारण्याची तसदी त्या गावाने घेतली नाही. बाईमाणसाने पुरुषाच्या मागे चार हात अंतर ठेवून, पदर सावरून, मान खाली घालून चालावे, हा तिथला नियम होता. आणि ज्यांना नियम तेवढा दिसतो, त्यांना नियमापलीकडचे माणूस दिसावे अशी अपेक्षा करण्यातही अर्थ नव्हता.

तिच्या नवऱ्याचे नाव खुशाल पटले. धानाची चांगली जमीन, शब्दाला किंमत, अंगाने धिप्पाड. पण दिवेलागण झाली की हा गृहस्थ घराबाहेर पडत नसे. भजनाला नाही, पंचांच्या बैठकीला नाही, लग्नाच्या वरातीला नाही. गावाने त्याचा अर्थ सोयीस्कर लावून टाकला: खुशालला जमिनीची गुर्मी आहे. खरी गोष्ट इतकी साधी होती की ती कोणाच्या डोक्यात येणे शक्यच नव्हते. सूर्य मावळला की खुशालला दिसत नसे. समोर दिवा असला तर दिव्याचा ठिपका दिसे, बाकी सगळी काजळी.

पंचविशीत हे सुरू झाले. मुलगी पाळण्यात होती. रातांधळ्याच्या मुलीला स्थळ कोण आणणार? तेव्हा आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणवून घेणे बरे, असे त्याने ठरवले आणि शामकलेने मान डोलावली. पुढे मुलगी सासरी गेली, तिला मुले झाली, खोटे बोलण्याचे कारण संपले; खोटे मात्र घरात राहून गेले. नवरा बाहेर पडत नाही म्हणून बायकोही पडत नसे. अठरा वर्षांत शामकलेने रात्र पाहिली ती आपल्या अंगणाएवढीच.

सन १९१२च्या माघात, मळणी आटोपल्यावर, ती दोघे नागपूरला गेली. इतवारीत डोळ्यांचा एक वैद्य होता. त्याने दिवा जवळ आणला, दूर नेला, पापण्या उलटून पाहिल्या आणि दिवा खाली ठेवला.

"हे उतरायचे नाही, पाटील. वाढेल. काही वर्षांनी दिवसाही अडचण होईल. काय पाहायचे असेल ते पाहून घ्या."

धर्मशाळेत परतल्यावर खुशाल भिंतीला टेकून बसला. बाहेर नगरपालिकेचा माणूस खांद्यावर शिडी घेऊन खांबाखांबावरचे रॉकेलचे दिवे लावत चालला होता. शामकला उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. एक दिवा लागे, गल्लीचा एक तुकडा जन्माला येई, मग पुढचा. गल्लीतील घराघरांतून मागांचा खटखटाट येत होता, आणि कोठेतरी संत्र्यांची टोपली फुटल्यासारखा वास सुटला होता.

"दार लाव," खुशाल म्हणाला.

"कायले?"

"रात झाली ना."

"झाली म्हनून तं बाहेर चला म्हनते. एथं आपल्याले कोन ओळखते?"

"मले काय दिसनार हाये?"

"मले दिसते ना."

"मंग तू पुढं चालशील?"

"नाही तं काय मांगून ढकलू तुमाले?"

त्याला हसू आले. दिवसभरातले ते पहिलेच. तो उठला आणि त्याने हात पुढे केला. लग्नातल्या सप्तपदीनंतर चारचौघांत हात धरण्याचा त्या जोडप्याचा तो दुसरा प्रसंग.

मग एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. खुशालला ते शहर ठाऊक होते. विशीत, डोळे शाबूत असताना, तो बापाबरोबर तांदळाच्या गाड्या घेऊन इतवारीत येई, आणि बाप गाडीखाली झोपला की हा भोसल्यांच्या महालाकडे एकटाच भटकायला जाई. ती सगळी रात्र त्याच्या डोक्यात जशीच्या तशी जपलेली होती. शामकलेकडे डोळे होते, शहर नव्हते. त्याच्याकडे शहर होते, डोळे नव्हते. दोघांनी मिळून चालायला सुरुवात केली.

"आता उजव्या हाताले पायऱ्याची विहीर येईल."

"आली. एक बाई अजून पानी भरून राहिली. एकटीच."

"तिच्या पुढं लाकडाचे खांब. खांबावर मोर."

"हाये. एका मोराची मान तुटली."

"तवा नोहती तुटली."

"तवा मी नोहती."

खुशाल पुन्हा हसला. ती सांगत गेली, तो ओळखत गेला. सज्ज्यात कोणी सतार लावत होते. हलवायाच्या कढईखालचा जाळ समोरच्या कोरीव दगडांवर हलत होता आणि दगडातले हत्ती चालत असल्यासारखे दिसत होते. तिने तेही सांगितले. जुम्मा दरवाजाच्या कमानीखाली आल्यावर त्याने भिंतीला तळवा लावला आणि बराच वेळ काढला नाही. दिवसाचे ऊन अजून दगडात होते. मग तलाव. पाण्यावर पलीकडच्या काठाचे दिवे लांब लांब ओघळले होते, वाऱ्याने तुटत होते, पुन्हा जुळत होते. शामकलेला ते शब्दांत मांडता येईना. ती म्हणाली, "पान्यात कोनीतरी पिवळं लुगडं धुऊन राहिलं." खुशालने मान हलवली. त्याला दिसले.

शहराने या दोघांकडे ढुंकूनही पाहिले नाही. परक्या गावाचा हा केवढा उपकार, की तिथे बाई पुढे आहे की मागे याची नोंद ठेवायला कोणी रिकामा नसतो.

तलावाकाठून एका देवळाकडे वाट जात होती. खुशालची पावले आपोआप झपाझप पडू लागली.

"एथं दीपमाळ हाये. त्रिपुरीले पाह्यली होती मी. खालपासून शेंड्यापावतर पेटली होती. तशी गोष्ट मी पुन्हा नाही पाह्यली. सांग, हाये ना?"

शामकला थांबली. दीपमाळ अर्ध्यातून ढासळली होती. उरलेल्या बुंध्यावर कोणीतरी धोतर वाळत घातले होते.

"हाये," ती म्हणाली. "आज पेटली बी हाये. कोनाचा नवस फिटला असंल. खालच्या हातावर दिवे, त्याच्या वरच्या हातावर दिवे... शेंड्यावरचा बारका दिवा हलून राहिला, पन विझत नाही."

तिने एकेक दिवा लावावा तसे ते सांगितले, आणि सांगता सांगता तिलाही तो धोतराचा बुंधा दिसेनासा झाला. अंधारात दगडाचे ते झाड पेटले, देवळाचे शिखर उजळले, नवऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडल्याचा तिला भास झाला. काही क्षण दोघेही वीस वर्षांच्या खुशालच्या डोळ्यांनी पाहत उभी राहिली.

मग खुशालने हवा हुंगली.

"इतके दिवे हायेत, अन् तेलाचा वास कसा नाही?"

तिला पुन्हा ते धोतर दिसू लागले.

"खोटं नको सांगू मले. तू बी खोटं सांगाले लागली, तं मी कोनाच्या डोळ्यानं पाहू?"

इतका वेळ धरलेला हात शामकलेने सोडून दिला. "पडली हाये दीपमाळ. धोतर वाळून राहिलं तिच्यावर. हे खरं. आता दुसरं खरं आयका. तुमी गावाले अठरा वर्सं खोटं सांगून राहिले, अन् त्या खोट्यात मले कोंडलं. म्या कधी काही म्हटलं? पोरीसाठी होतं, म्हटलं नाही. आता कोनासाठी हाये? वैद्य काय बोलला ते आयकलं ना? आता दिवसाचं बी दार लावून घ्यायचं का?"

खुशाल अंधारात हात पसरून उभा राहिला. काही वेळाने तिने पुन्हा तो हात हातात घेतला. परतीच्या वाटेवर ती सांगत होती आणि तो फक्त "हं" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी गोंदियालाच रखडली. आमगाव आले तेव्हा फलाटावर कंदील लागले होते. कंदिलाभोवती चार-पाच माणसे नेहमीसारखी रिकामी बसली होती आणि त्यांत खुशालचा चुलतभाऊ चैतरामही होता. ओळखीचे आवाज कानावर पडताच खुशालचा हात ताठरला.

"मांगं हो," तो हळूच म्हणाला.

शामकलेने हात सोडला आणि चार हात मागे जाऊन उभी राहिली. लग्नापासूनची सवय ती. पायांना शिकवावे लागले नाही. आता हा असाच दारापर्यंत ठेचकाळत जाईल, दार लागेल, आणि पुन्हा अंगणाएवढी रात्र. हे तिला स्पष्ट दिसत होते.

खुशालने दोन पावले टाकली आणि थांबला.

"काऊन भाऊ," चैतराम ओरडला, "गाडीचे चाकं मोजून राहिला का? का आता आमच्या संगं चालाची बी लाज वाटते?"

माणसे हसली. खुशालने मान वळवली, आवाजाकडे नव्हे, मागे.

"अवं."

"होय."

"पुढं ये."

"बापा!" चैतराम म्हणाला. "वहिनी पुढं अन् भाऊ मांगं? नागपूरचं पानी लयच लागलं म्हनाचं!"

"मले रातीले दिसत नाही, चैत्या," खुशाल सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "अठरा वर्सं झाले. गुर्मी नोहती ती. ही दाखवते म्हनून मी चालतो."

हसणे जागच्या जागी मेले. कोणी खाकरले. चैतरामने, काय करावे न सुचून, त्यांचे गाठोडे उचलून खांद्यावर घेतले आणि तो मागून चालू लागला. उद्या हाच माणूस चावडीवर ही कथा तिखटमीठ लावून सांगणार होता आणि सांगितलीही. पण त्या रात्री त्याने तोंड उघडले नाही.

शामकलेने हात धरला. स्टेशन मागे पडले, बांधांची वाट लागली.

"डाव्या हाताले काय हाये?" खुशालने विचारले.

ती वाटेतच उभी राहिली.

"काऊन? सांग ना."

"थांबा," ती म्हणाली. "पाहू द्या. आपला तलाव हाये हा. चांदन्या उतरल्या पान्यात. पार काठापावतर आल्या, पाय भिजतील अशा." मग ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "रातीचा म्या बी नोहता पाह्यला."