थांबलेला ड्रायव्हर

पहूरच्या पार्वताबाईचा कुणावर विश्वास बसला, असं गावात आजवर कुणी पाहिलेलं नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं आयुष्य काढलं. खिचडीच्या तांदळाचं पोतं आलं की आधी हात घालून तळापर्यंत चाचपणार, मग आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणार आणि त्याच्या तोंडावरून ठरवणार की वाटेत किती सांडलं. गॅसवाल्याला टाकी हलवून दाखवायला लावणार. एकुलत्या एका आकाशसाठी स्थळं यायला लागली, तर प्रत्येक मुलीच्या फोटोवर एकच शेरा, ‘‘हे मोबाइलनं गोरी केलेली हाये.’’ शेजारच्या भिकुबाईनं एकदा तोंडावर सांगितलं, ‘‘पार्वता, तुले देवमाणूस भेटला ना, तर त्याचेबी तू पाय तपासशील, उलटे हायेत का म्हणून.’’ पार्वताबाई म्हणाली, ‘‘तपासायले काय जातं?’’

आता ही बाई उगाच अशी झाली, असं नाही. आकाश अंगणात रांगत होता तेव्हा तिच्या नवऱ्याला जामनेर रस्त्यावर ट्रकनं उडवलं आणि ट्रकवाला पसार झाला. रस्त्यानं जाणाऱ्यांनी पाहिलं, पण पोलिसांच्या लफड्यात कोण पडतो? माणूस तिथंच संपला. तेव्हापासून गाडीवाला म्हणजे ठोकून पळणारा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि खरं सांगायचं तर तिला खोटं पाडणाराही कुणी भेटला नाही.

मागच्या पौषात आकाश जळगावच्या पाइप कारखान्यातून रात्रपाळी करून मोटारसायकलवर घरी येत होता. सकाळी गावातल्या दवाखान्यातून निरोप आला, ‘‘आकाशला लागलंय, लवकर या.’’ पार्वताबाई हातातलं तसंच टाकून धावली. आकाश खाटेवर बसलेला होता. पायाला पट्टी, कपाळावर टेंगूळ, पण बोलत होता. ‘‘माय, काही नाही झालं, घाबरू नको,’’ म्हणाला. तिच्या जिवात जीव आला.

आणि मग तिला खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला माणूस दिसला. चाळिशीचा, शर्टाच्या बाहीवर रक्त, हातात मोबाइल. तिला पाहताच तो म्हणाला, ‘‘जयभीम अक्का. मी कय्युम, धरणगावचा. भाड्यानं गाडी चालवतो. माझ्याच गाडीचा धक्का लागला तुमच्या मुलाला.’’

बाई जागच्या जागी थिजली. ठोकणारा आणि उभा? तोही स्वतःहून सांगतोय? आणि नाव कय्युम, तोंडात जयभीम! हा आकाशच्या मोटारसायकलीवरचा निळा झेंडा बघून गोड बोलतोय, हे तिनं तिथल्या तिथं ताडलं. गोड बोलून गळा कापणारे तिनं काय कमी पाहिले होते?

‘‘गाडी कुठी हाये तुही?’’ तिनं विचारलं.

‘‘तिथंच, रस्त्यावर. हलवली नाही. मागचा इंडिकेटर चालू ठेवलाय, भोवती दगड लावलेत. मुलाला मी येणाऱ्या जीपमधून आणलं.’’

‘‘स्वतःची गाडी असून दुसऱ्याच्या जीपमधून?’’

‘‘पंचनामा व्हायचाय ना अक्का. गाडी जशी होती तशीच दिसली पाहिजे.’’

घ्या! गाडी लपवून आला आणि वर पंचनाम्याचं नाव सांगतो. पार्वताबाईनं तोंडाला पदर लावला आणि त्याच्यावर नजर ठेवली. आणि नजर ठेवावी असंच तो एकेक करत होता. व्हरांड्यात जाऊन फोन लावायचा. ‘‘हो, पोलिसांना कळवलंय... हो, फोटो काढलेत, दोन्ही गाड्यांचे... इन्शुरन्सवाल्यांना सांगतो...’’ असलं काहीबाही तिच्या कानावर पडे. एकदा तर कुणाला तरी दबक्या आवाजात म्हणाला, ‘‘नाही मोईज, मी पळणार नाही. मारतील तर मारू दे.’’ पळायचा बेत होता म्हणजे! त्याशिवाय माणूस ‘पळणार नाही’ असं म्हणेल कशाला?

एवढ्यात शेजारचा प्रेमराज आला. गावात कुणाचं काही फुटलं की प्रेमराज पंच म्हणून हजर. त्यानं कय्युमला खालून वर न्याहाळलं आणि बाईला बाजूला घेतलं. ‘‘अक्का, यात पाणी मुरतंय. खरा ड्रायव्हर थांबत नसतो. हा उभा केलेला माणूस आहे. गाडी चालवत असेल कुणा शेठचं पोरगं, दारू पिऊन. हा फक्त नावाला.’’ पार्वताबाईला हे लगेच पटलं. तिला वाईट बातमी नेहमीच लगेच पटते.

डॉक्टर हातातलं काम उरकून आला. ‘‘पाय ठीक आहे. पण हे सांगतायत की मुलगा रस्त्यावर काही वेळ बेशुद्ध होता आणि शुद्धीवर आल्यावर उलटी झाली. तेव्हा डोक्याचा स्कॅन करून घ्या. इथं सोय नाही, जळगावला जावं लागेल.’’

‘‘कोन सांगतं बेशुद्ध व्हता?’’

डॉक्टरनं कय्युमकडे बोट केलं. झालं! सगळी साखळी बाईला लख्ख दिसली. हा बेशुद्धीचं सांगणार, डॉक्टर जळगावला धाडणार, तिथला स्कॅनवाला दोघांना कट देणार. आणि पोरगं आधीच चक्कर येऊन पडलं, गाडीवाल्याचा काय दोष, असं उद्या पोलिसांपुढं लिहून घेणार. एका दगडात दोन पक्षी! ती आकाशकडे वळली. ‘‘बेशुद्ध पडला व्हता का रे तू?’’

‘‘नाही माय. मले तर काहीच आठवत नाही तसं,’’ आकाश म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला. ‘‘झोप येऊन राह्यली.’’

‘‘ऐकलं ना?’’ ती कय्युमवर कडाडली.

‘‘अक्का, त्याला कसं आठवणार? त्यानं मला चार वेळा विचारलं, माझा डबा कुठंय म्हणून. डबा त्याच्या हातात होता. अक्का, त्याला झोपू नका देऊ.’’

‘‘रातभर मशीनवर उभा राह्यला माहा पोरगा! झोपनार नाही तर काय नाचनार?’’

प्रेमराजनं रिक्षा बोलवायला माणूस पाठवला. पोराला घरी न्यायचं, हळद घातलेलं दूध पाजायचं आणि संध्याकाळी पंच बसवायचे, असं ठरलं. कय्युम पुन्हा व्हरांड्यात गेला आणि त्यानं पुन्हा फोन लावला. आता पार्वताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा त्याच्यामागं गेली आणि त्याच्या हातातला मोबाइल ओढला.

‘‘कोनाले बोलावतो? तुह्या शेठले?’’

‘‘एकशेआठला. अँब्युलन्स.’’

‘‘मी सांगितलं तुले? चाल निघ इथून! तुले काय पायजे ते मले ठावं हाये. पोरगं चक्कर येऊन पडलं, तुही काही चूक नाही, हेच लिहून पायजे ना? घे, तसं म्हणते मी. तुही चूक नाही. आता तर जाशील? निघ!’’

तिला वाटलं, आता याचा चेहरा उजळेल. हवं ते पदरात पडलं की माणसाचा चेहरा कसा होतो, हे ती पोत्यांच्या हिशोबात जन्मभर बघत आली होती.

कय्युमचा चेहरा उजळला नाही. तो भिंतीला टेकला. सकाळपासून दवाखान्याच्या रीतीनं शुद्ध बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून एकदम धरणगावची बोली बाहेर पडली. ‘‘नही अक्का. मनी चूक शे. पाणीनी बाटली ब्रेकखाले घरंगळनी, मी वाकीसन पाहं. तेवढामा तो समोर व्हता. मनीच चूक शे, अक्का. तुम्ही पोलिसले हाईच सांगा, माले जेलमा टाका. पन पोऱ्यानं डोकं दखाडा.’’

व्हरांड्यात पाच-सहा माणसं जमली होती. प्रेमराजही होता. चूक माझीच, या एका वाक्यावर लोकांनी त्याला तिथंच तुडवला असता, आणि ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. पार्वताबाई त्याच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारा माणूस स्वतःची मान सोडवायला बोलतो. हा तर आपल्या हातानं मान पुढं करतोय. सुटायची वाट तिनं स्वतः उघडून दिली होती, आणि हा गाढव तिथून हलत नव्हता.

मग तो खोटं बोलत नाही. आणि खोटं बोलत नाही तर बेशुद्धीचंही खरं.

ती धावत आत गेली. ‘‘आकाश! ए आकाश, ऊठ!’’ आकाशनं डोळे अर्धे उघडले, तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. ‘‘शिफ्ट सुटली का?’’ म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. तिनं गालावर मारलं, खांदे हलवले, पण तो उठेना. ‘‘डॉक्टर!’’ ती अशी ओरडली की रस्त्यावरची माणसं आत आली. प्रेमराज पंच तेवढा कुठं दिसेना. अँब्युलन्स मात्र आली, कारण मोबाइल ओढून घेण्याआधी कय्युमचं बोलणं झालेलं होतं.

जळगावला स्कॅन झाला. कवटीच्या आत रक्त साकळत होतं. लगेच ऑपरेशनला घेतलं. दार बंद झालं आणि पार्वताबाई फरशीवर बसली. रडायला येईना. जरा अंतरावर कय्युम उकिडवा बसला होता. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. ती तिनं झाकण न तपासता तोंडाला लावली. तासांमागून तास गेले. अखेर मोठा डॉक्टर बाहेर आला. ‘‘वाचलाय. बोलता-चालता होईल. आणखी उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो. तो आधी बेशुद्ध पडला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’’

पार्वताबाईनं हात केला. त्या हाताच्या टोकाला कय्युम डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. पोलीस ठाण्यात कय्युमनं आदल्याच दिवशी हजर होऊन सगळं सांगितलं होतं, बाटलीसुद्धा. हवालदार पन्नाशीचा, पोट सुटलेला, अपघात लिहून लिहून विटलेला. ‘‘सांगा अक्का, काय झालं?’’

तिनं सांगितलं. चूक याची होती, हे आधी सांगितलं, लपवलं नाही. मग तो थांबला, पोराला उचलून आणलं, डॉक्टरला बेशुद्धीचं सांगितलं, मी शिव्या घातल्या तरी हलला नाही, अँब्युलन्स यानंच बोलावली. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला.

हवालदाराचा पेन थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या कय्युमकडे, मग पुन्हा तिच्याकडे. आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसला. ‘‘अक्का, काय ठरलंय तुमचं दोघांचं? घाबरू नका, खरं सांगा. जिचं पोरगं ऑपरेशनवरून आलंय, ती आई ड्रायव्हरचं कौतुक करत नसते. माझी निम्मी नोकरी यातच गेली.’’

‘‘काहीच ठरलं नाही.’’

‘‘दमदाटी केली का यानं?’’

‘‘नाही रे बापा! तो थांबला, म्हणून पोरगं हाये माहं!’’

‘‘बरं, बरं,’’ हवालदार म्हणाला. बरं म्हणण्याचा तो सूर पार्वताबाईला पाठ होता. पोतं आणणाऱ्यांना, गॅसवाल्याला, अवघ्या जगाला तिनं त्याच सुरात बरं म्हटलं होतं. समोरच्याला तो कसा लागत असेल, हे तिला आजवर कळलं नव्हतं. तिनं आकाशची शपथ घेतली, छातीवर हात ठेवला, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. हवालदारानं मान हलवली आणि जबाबात लिहिलं तेवढंच, जे त्याला पटलं.

ऑपरेशनच्या दारात न रडलेली बाई आता मात्र हमसून हमसून रडायला लागली. कय्युम जवळ आला. ‘‘जाऊ द्या अक्का. लोक असेच असतात.’’

‘‘लोक कुठले रे,’’ पार्वताबाई म्हणाली, ‘‘मी तुले निघ म्हटलं व्हतं. तू निघून गेला असता तर?’’