स्क्रूवरची लाल रेघ

भिकन आप्पा गेल्याचं त्यांच्या पत्नीने, सुमनवहिनींनी, मला एका मंगळवारी सकाळी फोनवर सांगितलं. आवाज स्थिर होता. शेवटी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमच्या पेपरात ते दुरुस्त करून घेता येईल का आता?" बघतो, म्हणालो. त्याला सहा आठवडे झाले. दुरुस्त झालेलं नाही.

आप्पा धुळ्याकडून सुरतेत आले ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला. यंत्राचा आवाज ऐकून दोष ओळखायची सवय तिथे लागली, आणि पुढे लूम सोडून त्यांनी सुरतेच्याच भेस्तान भागात दुचाकी दुरुस्तीचं छोटं गॅरेज टाकलं. माझी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर सिग्नलला बंद पडायची आणि मूठ पिळली की आधी गुदमरायची, मग उसळायची. दोन मेकॅनिकांनी तिची 'रेस' वाढवून दिली होती, म्हणजे कार्बोरेटरचा एक स्क्रू पिळून उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग चढवला होता. बंद पडणं थांबलं, गुदमरणं तसंच राहिलं. आप्पांनी इंजिन गरम होऊ दिलं आणि कार्बोरेटरला इंजिनाशी जोडणाऱ्या रबरावर हात धुवायच्या डब्यातलं साबणाचं पाणी थेंब थेंब सोडलं. आवाज क्षणभर बदलला. रबराला केसाएवढी चीर होती. नको ती हवा तिथून आत जात होती. रेस वाढवली तर काय बिघडतं, असं मी विचारलं तेव्हा ते अहिराणीत म्हणाले, "गाडी बीमार शे. तिले ताप चढाडीसन काय फायदा?"

रबर बदललं, जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, पेट्रोलने धुऊन फुंकरीने साफ केला, रेस खाली आणली. मग त्यांनी लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि स्क्रूवरून शेजारच्या धातूवर जाणारी एक सलग रेघ ओढली. नंतर कोणी स्क्रू हलवला तर रेघ तुटणार. ही पद्धत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. सुमनवहिनी म्हणायच्या की ती बाटली त्यांच्या नखांना एकदाही लागली नाही, भेस्तानातल्या सगळ्या गाड्या मात्र नटल्या.

पुढे सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या चार चाकी बीच बाईक, कागदोपत्री एटीव्ही, त्यांच्याकडे येऊ लागल्या. त्याही टू-स्ट्रोक. खारी हवा, वाळू, टाकीत राहिलेलं शिळं पेट्रोल... जेट सारखा तुंबायचा, गाडी मूठ पिळताच अडखळून बंद पडायची. मालकाला दर वेळी सफाईसाठी थांबायचं नव्हतं. गिऱ्हाइकं हसतात, रेस वाढवूनच द्या, असा त्याचा धोशा. माझ्यासमोर एकदा तो म्हणाला, "काका, रेस जरा वधारी दो ने. गाडी बंद पडे छे, घराक हसे छे." आप्पा म्हणाले, "हसवा दो, शेठ." या गाड्यांना हाताने दाबायचा क्लच नसतो, रेस फार चढली की क्लच आपोआप पकडतो आणि मूठ न पिळताही गाडी चालू लागते. हे त्यांनी त्याला कितीदा समजावलं, याची मोजदाद नाही. ब्रेक सोडल्यावरही गाडी जागची हलली नाही, की मगच ते रेघ ओढत.

एका रविवारी फेरी संपवून एक बाई उतरत होत्या. एक पाय वाळूत, मूठ सोडलेली. गाडी आपोआप पुढे गेली आणि त्यांचा पाय चाकाखाली मोडला. आमच्या पेपरात, मी बघतो त्या पानावर चार ओळी आल्या. 'मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द पोलिसांच्या टिपणातले होते. त्याआधी 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हवं होतं. जागेसाठी ते मी काढलं. मेकॅनिक कोण, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. रागावले नाहीत. गाडी बघायला चला, म्हणाले. डुमसला मालकाच्या शेडमध्ये ती ताडपत्रीखाली उभी होती. आप्पांनी सीट उचलली. रेघ तुटलेली होती. स्क्रूवरचा लाल तुकडा भलतीकडे वळलेला. मालकाने आमच्यासमोर सरळ सांगितलं, "संडे था, बार बार बंद हो रही थी." म्हणजे स्क्रू त्यानेच पिळला होता. मी फोटो काढला. चौकीवर मालकाने हे नाकारलं. फोटो पाहून तिथला अधिकारी म्हणाला, "काका, आ नेलपॉलिश तो काकीनी छे ने?" बाकीचे हसले. आप्पा बाकावर बसून होते. दोनदा बोलावलं, दोनदा बसवलं, आणि रेघेबद्दल एक अक्षर लिहून घेतलं नाही. आमच्या संपादकांचं म्हणणं, नाव छापलेलंच नाही, मग दुरुस्ती कसली? भेस्तानात नाव छापायची गरज नव्हती. डुमसच्या गाड्या कोण करतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं समोरून जात आणि पुढच्या गॅरेजला थांबत.

पाच आठवड्यांनी आप्पा गेले. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. त्याचा या प्रकरणाशी संबंध जोडण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून मी तो जोडत नाही. ज्याचा पुरावा आहे तेवढं लिहितो. रेस भिकन आप्पांनी वाढवली नव्हती. ती वाढवू नका, असं सांगणारे या सगळ्यात ते एकटे होते. बातमीतलं ते वाक्य खोटं होतं, आणि ते माझ्या हातून गेलं.

गेल्या आठवड्यात डुमसला गेलो. ती गाडी पुन्हा फेऱ्या मारते आहे. रांगेत थांबली असताना मी वाकून पाहिलं. लाल रंगाचे दोन्ही तुकडे कोणीतरी थिनरने पुसून काढले आहेत. धातू तेवढ्या जागी लख्ख आहे. गाडी वर माणूस नसताना इंचाइंचाने पुढे सरकू पाहत होती, म्हणून मालकाच्या पोऱ्याने तिच्या पुढच्या चाकाला वीट लावली होती.

परत आलो आणि स्कूटरचं झाकण उघडलं. आप्पांची रेघ धुळीखाली होती. बोटाने पुसली. सलग आहे.