जिवनबाईचा खडक

शिरड शहापूरच्या वरच्या अंगाला, तांड्यामागं, एक काळा खडक उताणा पडलेला होता. सत्तर हात लांब, चढ बेताचा, शेळी रमतगमत जाईल असा. पण धरायला त्यावर ना खाच ना झुडूप, आणि खाली निवडुंगाचं बन. माथ्यावर धावड्याची झाडं होती. त्यांचा डिंक काढायला जिवनबाई उन्हाळाभर सकाळी, खडक तापायच्या आत, अनवाणी वर जायची. मागून वाट होती, पण ती दोन कोसांच्या वळशाची.

तिचा नवरा हिरासिंग बैलांवर मीठ लादून मुलूख फिरलेला. बैल गेले तरी ऐट गेली नव्हती. बायको चढते तो खडक कसला, तो तर घरचा ओटा, असं तो चारचौघांत सांगे. एकेचाळीस सालच्या चैत्रात कुणीतरी म्हणालं, मग चढून दाखवा की एकदा. झालं!

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिरासिंग कमरेला दोर बांधून तयार. दुसरं टोक त्यानं जिवनबाईच्या कमरेला बांधायला लावलं. ती पुढं, हा मागं. निम्म्यावर आल्यावर त्याला शंका आली.

"हा दोर तर तुला बांधला. तू कशाला बांधलीस?"

"मी? मी कशालाच न्हाई."

हिरासिंग तिथंच पोटावर आडवा झाला. जितका खडकाला बिलगे, तितका खाली सरके. तिनं सांगितलं, उभं राहा, तळवे सपाट टेका. तो डोळे मिटून देवांची नावं घेत राहिला. शेवटी ती खाली बसली आणि घाटात अडलेल्या बैलाला तो जसा चुचकारी, त्याच सुरात चुचकारू लागली, "चल माझ्या राजा, चल."

खाली जमलेला तांडा हसून लोटपोट झाला. हिरासिंग संतापून ताडकन उभा राहिला, आणि उभा राहताच पाय बराबर ठरले. बडबडत तो माथ्यावर कधी पोचला, त्याचं त्यालाही कळलं नाही.

उतरायचं मात्र त्यानं नाव काढलं नाही. मागच्या वाटेनं तो घरी आला, तोवर जिवनबाईच्या भाकरी थापून झाल्या होत्या.

पुढं ती डिंकाला निघाली की हाही निघे. खडकाच्या पायथ्याशी कडब्याच्या पेंढ्या पसरून वर बघत बसे. लोकांनी विचारलं तर, बसायला लागतात म्हणे.

"काहून पसरता? म्हशीला घाला," जिवनबाई म्हणायची. पण एकही पेंढी तिनं कधी उचलली नाही.